नवरा-बायकोचं कौन्सेलिंग, आठ सेशन, १२,८०० रुपये: आमचा अनुभव (लांबलाय, चहा घेऊन बसा)

आधीच सांगते, सेंटरचं नाव टाकणार नाहीये. मॅडम एकट्या चालवतात, खाली मी तक्रारी पण केल्यात, आणि नाशिक कितीही वाढलं तरी इथे लिहिलेलं पंचवटीतल्या मावशीपर्यंत पोचणार नाही एवढं काही मोठं झालेलं नाही. कॉलेज रोडच्या मागची गल्ली, दुसरा मजला, लिफ्ट नाही, शेजारी डेंटिस्ट. एवढं पुरे.

तर झालं असं की जूनमध्ये ऑफिसने मला चार दिवस पुण्याला ट्रेनिंगला पाठवलं. मुलगा पावणेदोन वर्षांचा, पहिल्यांदाच त्याला सोडून चालले होते, घरी सासूबाई होत्या म्हणून टेन्शन नव्हतं. मी पोचले, रूम घेतली, आंघोळ केली आणि झोपले. ‘पोचले’ असा मेसेज टाकायचा असतो हे माझ्या डोक्यात येतच नाही, कधीच आलेलं नाही, कॉलेजच्या ट्रिपपासून लोक मला यावरून बोलतात. सकाळी बघते तर नवऱ्याचे सतरा मिस्ड कॉल. मग फोनवर भांडण, ते झालंच, ते सोडा. खरा विषय परत आल्यावरचा आहे. दार उघडलं, पोरगा आजीच्या कडेवर, माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं, खाली उतरून आपली गाडी घुर्र घुर्र चालवत बसला. आणि मी काय केलं, तर सरळ बॅग उघडून कपडे मशीनला लावायला गेले. नवरा मागून आला आणि म्हणाला, “तुला काहीच कसं होत नाही गं?”

हे वाक्य मी लग्नाच्या सहा वर्षांत तीनेक वेळा ऐकलंय. त्याच्या आधीही ऐकलंय, दुसऱ्या एकाच्या तोंडून, तो विषय इथे नको.

नंतरचे दोन आठवडे आमच्याकडे रील-युद्ध चाललं. तो मला पाठवणार ‘अव्हॉइडंट पार्टनरची सात लक्षणं’ (अव्हॉइडंट म्हणजे जवळ येण्यापासून लांब पळणारा), मी त्याला पाठवणार ‘अँक्शस लोकांपासून सावधान’ (अँक्शस म्हणजे माणूस सोडून जाईल म्हणून सारखा धास्तावलेला). पूर्वी पत्रिकेत मंगळ असायचा, आता अटॅचमेंट स्टाइल, म्हणजे जवळच्या माणसाशी जोडून घ्यायची तऱ्हा असते, एकदा शिक्का बसला की बाकीचं काही बघायलाच नको. शेवटी नवऱ्याच्या मित्राच्या बायकोने या मॅडमचा नंबर दिला. लहानपणी आपण कुणाला कसे चिकटलो, आणि मोठेपणी जवळच्या माणसाशी तेच कसं करत राहतो, या अंगाने त्या काम करतात असं तिने सांगितलं. मी म्हटलं चला, निदान रील तरी थांबतील.

पहिली तक्रार पहिल्याच दिवसाची. जायच्या आधी व्हॉट्सॲपवर एक फॉर्म येतो, त्यात क्विझ. भरली, रिझल्ट काय, तर मी अव्हॉइडंट. नवरा अँक्शस. अहो हे तर आम्हाला फुकटात कळलं होतं! आणि सेशनमध्ये मॅडमच म्हणतात याला फार महत्त्व देऊ नका. मग पाठवता कशाला? घरी येऊन या क्विझचं मूळ शोधलं तर मजाच आहे. १९८७ मध्ये हेझन आणि शेव्हर नावाच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत डेन्व्हरच्या एका पेपरात प्रेमाबद्दलची प्रश्नावली छापली, त्यात तीन छोटे परिच्छेद, तुम्हाला लागू पडेल तो निवडा. ६२० उत्तरं त्यांनी मोजली, निम्म्याहून थोडे जास्त लोक ‘सिक्युअर’ (नात्यात निर्धास्त) निघाले, साधारण पाव अव्हॉइडंट आणि उरलेले तिसऱ्या, म्हणजे अँक्शस गटात. तान्ह्या मुलांसाठी मांडलेली कल्पना मोठ्यांच्या प्रेमाला लावून बघण्याची ती सुरुवात. म्हणजे विचार भारी होता, पण पद्धत बघाल तर रविवारच्या पुरवणीतल्या कोड्यासारखी, आणि त्याच कोड्याची नातवंडं आज तुमच्या-माझ्या मोबाइलमध्ये फिरतायत आणि घरोघरी भांडणं लावतायत.

दुसऱ्या सेशनपासून मात्र पैसे वसूल व्हायला लागले. मी पोराने तोंड फिरवलं ते सांगितलं. मॅडमनी मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञाबद्दल सांगितलं, जरा सविस्तर सांगते कारण माझ्यासाठी सगळं इथून फिरलं. ही बाई आधी १९५४-५५ मध्ये युगांडात, कंपालाच्या आसपासच्या गावांत घरोघरी जाऊन आया आणि बाळं बघत बसायची, नंतर अमेरिकेत बाल्टिमोरला तिने तेच काम पुढे नेलं आणि वर्ष-दीड वर्षाच्या मुलांसाठी एक वीसेक मिनिटांचा प्रयोग बसवला. खोलीत खेळणी, आई आणि मूल, एक अनोळखी बाई येते, आई उठून बाहेर जाते, तीन मिनिटांनी परत येते, असं दोनदा. आपल्याला वाटतं आई गेल्यावर मूल किती रडतं ते बघत असतील. तर तसं नाही! ती परत आल्यावर मूल काय करतं ते बघायचं. काही मुलं धावत येतात, कडेवर घ्यायला लावतात, दोन मिनिटं हुंदके देतात आणि परत खेळायला जातात. काही चिकटतात आणि त्याच वेळी आईला मारतात पण, शांतच होत नाहीत. आणि काही मुलं आई आली तरी बघितलं न बघितल्यासारखं करून खेळत बसतात.

मी पटकन म्हटलं, तिसरी चांगली की, आमच्याकडे त्यांना गुणी बाळ म्हणतात, काही त्रास नाही पोराचा. मॅडम म्हणाल्या, बरोबर, बघणाऱ्याला तसंच वाटतं. पण नंतरच्या संशोधकांनी अशा मुलांच्या हृदयाचे ठोके मोजले तेव्हा कळलं की बाहेरून गाडी चालवत बसलेल्या त्या शांत पोराचं काळीज पण आतून धडधडतच असतं. त्याला काही होत नाही असं नाही, दाखवून उपयोग नाही एवढं तो शिकलेला असतो.

खोलीत कुणीच बोललं नाही. नवरा माझ्याकडे बघत होता ते मला न बघता कळत होतं. आणि नेमकं त्याच वेळी शेजारी डेंटिस्टचं ड्रिल सुरू झालं. ही तक्रार नंबर दोन, भिंत पातळ आहे, माझ्या आयुष्यातल्या त्या मोठ्या क्षणाला बॅकग्राउंडला कुणाचं तरी रूट कॅनाल चालू होतं.

मुलाबद्दल मॅडम एकदम क्लिअर होत्या आणि हे मला आवडलं. घरी बसून पोराला कुठल्या गटात टाकू नका, ते बघायला वेगळं ट्रेनिंग लागतं. चार दिवसांनी आलेल्या आईकडे या वयाचं मूल थोडा वेळ पाठ फिरवणारच. जॉन बोल्बी (इंग्लंडचा मानसोपचारतज्ज्ञ, ही अटॅचमेंटची थेरी मूळ त्याची) आणि त्याचा सहकारी रॉबर्टसन यांनी १९५० च्या आसपास इंग्लंडच्या हॉस्पिटलांमध्ये हे बघून ठेवलंय, तेव्हा तिथे आईबापांना भेटायला आठवड्यातून जेमतेम थोडा वेळ द्यायचे, मुलं आधी आकांत करायची, मग मलूल व्हायची, मग नर्सेसशी हसायला लागायची आणि सगळे म्हणायचे रुळला बघा. आणि आई न्यायला आली की तिला ओळखच द्यायची नाहीत. आमच्या चिरंजीवांनी मला रात्री जेवणाच्या वेळेपर्यंत तंगवलं आणि मग रात्रभर गळ्यातला हात काढला नाही, तर मॅडम म्हणाल्या झालं की, परत आला ना तुमच्याकडे, हेच बघायचं असतं.

तिसरं सेशन माझं एकटीचं. एकट्याचं १,००० रुपये आणि ५० मिनिटं, दोघांचं १,८०० आणि सव्वा तास. या सेशनमध्ये एक प्रश्न विचारला, जो ऐकायला निबंधाच्या विषयासारखा वाटतो. लहानपणी आईशी नातं कसं होतं, पाच शब्द सांगा. सोप्पंय, मी धडाधड सांगितले, प्रेमळ, कष्टाळू, शिस्तीची, समजूतदार, छान. मग म्हणाल्या, आता ‘प्रेमळ’ची एक आठवण सांगा, पाच-सहा वर्षांच्या आतली. आणि माझं डोकं कोरं. फळ्यासारखं. मी कायतरी ‘ड्रेस आणायची’ वगैरे बोलले. ‘छान’ची सांगा. काही नाही. (ही पण एक जुनी पद्धत आहे म्हणे, १९८० च्या दशकात बर्कलीला मेरी मेन आणि सहकाऱ्यांनी बनवलेली मोठी मुलाखत असते, त्यातला हा तुकडा. लहानपण चांगलं गेलं की वाईट याच्यापेक्षा तुम्ही ते सांगता कसं, सांगण्यात काही लागतं-जुळतं का, शब्द आणि आठवण एकमेकांना धरून आहेत का, हे त्यात बघतात.)

मग त्या सहज म्हणाल्या, बरं आईला हाक काय मारायचात? आणि मी म्हटलं, ताई.

आता हे समजावून सांगावं लागेल. मी १९९० ची. आईची नाशिकरोडला सरकारी नोकरी, तेव्हा बाळंतपणाची रजा ९० दिवस (मला स्वतःला २६ आठवडे मिळाले, २०१७ ला कायदा बदलला म्हणून). वडील बदलीवर, घरात सांभाळायला कुणी नाही, त्यामुळे तीन महिन्यांची मी निफाडला आजोळी. आजी, आजोबा, दोन मामा, एक मावशी, दारात द्राक्षाचा मांडव नव्हे पण पेरूचं झाड नक्की. आई शनिवारी ऑफिस करून पॅसेंजरने यायची, ओढा, खेरवाडी, कसबे सुकेणे आणि मग निफाड, आणि रविवारी संध्याकाळी परत. मामा-मावशी तिला ताई म्हणायचे म्हणून मी पण ताई. आणि ते आजीला आई म्हणायचे, म्हणून माझी आजी पण ‘आई’. साडेचार वर्षांची होईपर्यंत हेच. मग १९९४ च्या उन्हाळ्यात मला शाळेसाठी नाशिकला आणलं आणि एका महिन्यात शिकवलं की ही ताई नाही, ही आई, आणि ती आई नाही, ती आजी.

मॅडम म्हणाल्या, मग मघाशी पाच शब्द तुम्ही नेमके कुठल्या आईचे सांगितले?

मी तिथे रडले नाही. मी रडत नाहीच. पण टिश्यूचा डबा उगाच जवळ ओढून घेतला आणि त्याचं कव्हर नीट करत बसले.

मग त्यांनी जी गोष्ट दाखवली ती ना कुठल्या रीलमध्ये होती ना माझ्या डोक्यात. मी इतकी वर्षं धरून चालले होते की काही बिनसलं असेल तर ते आई सोडून जायची त्यामुळे. ती दर रविवारी जायची, मी ‘सोडलेलं पोर’, म्हणून मी अशी. पण तान्हेपणी माझं माणूस आजी होती! तिच्याजवळ मी मस्त होते, भरपूर आठवणी आहेत, तिचं लुगडं, रॉकेलच्या स्टोव्हचा वास, निफाडच्या थंडीत तिच्या पोटाशी झोपायचं, ‘प्रेमळ’ला दहा आठवणी सांगते, मोजा. मी तुटले ते नाशिकला ‘घरी’ आणलं तेव्हा. आणि त्याला तुटणं असं कुणी म्हणायलाच तयार नाही, कारण पोर आईबापांकडे आलं, सगळ्यांसाठी आनंदाची गोष्ट, पेढे वाटले होते म्हणे. मग रडायचं कशासाठी आणि कुणापाशी? ज्या बाईच्या कुशीत रडायची सवय होती तीच तर तिकडे राहिली.

गंमत म्हणजे ही सगळी थेरी ज्याने मांडली त्या बोल्बीचं स्वतःचं असंच होतं. लंडनचं श्रीमंत घर, आई दिवसातून तासभर भेटायची, सांभाळायला एक दाई, तिचा याला भारी लळा, आणि तो चारेक वर्षांचा असताना ती नोकरी सोडून गेली. पुढे त्याने लिहिलंय की अशी दाई जाणं म्हणजे पोरासाठी जवळजवळ आई गेल्यासारखंच. घरच्यांच्या हिशोबात मात्र एक नोकर बदलला, बास.

(कुणीतरी म्हणेलच की हे सगळं गोऱ्यांचं, आपल्याकडे एकत्र कुटुंब, पोर दहा हातांवर वाढतं. माझाही हाच प्रश्न होता. पण १९६४ सालच्या ग्लासगोच्या अभ्यासातच शेफर आणि एमरसननी ६० बाळं बघून लिहून ठेवलंय की दीड वर्षाची होईपर्यंत बहुतेक मुलांची एकापेक्षा जास्त घट्ट माणसं झालेली असतात. एकच आई आणि तीच सगळं, असं कुणी सिद्ध केलेलं नाही. आजी चालते, मामा चालतो. फक्त बाळाने धरलेलं माणूस उठून दुसऱ्या गावी पाठवलं, किंवा बाळालाच पाठवलं, तर बाळ त्याची नोंद ठेवतं.)

चौथं सेशन नवऱ्याचं. त्याला विचारून लिहितेय. लहानपणी तो ऐकत नसला की आमच्या सासूबाई म्हणायच्या, “थांब, मी निघूनच जाते, मग बस रडत,” आणि दोन-तीनदा खरंच चपला घालून जिन्यापर्यंत जायच्या. आता हे आपल्यापैकी किती घरांत झालंय हात वर करा. धाक म्हणून बोलतात, मनात काही नसतं, मोठ्या माणसाला पाच मिनिटांनी आठवत पण नाही. पण बोल्बीने १९७३ च्या पुस्तकात सोडून जायच्या धमकीबद्दल मुद्दाम लिहिलंय, की पोरं पुढे सारखी माणूस आहे ना, आहे ना, हे तपासत राहतात त्याचं हे एक मोठं कारण. सतरा मिस्ड कॉल म्हणजे काय, तर जिन्यात चपलांचा आवाज ऐकत उभा असलेला पोरगा. हे तो मला मुंबई नाक्याच्या सिग्नलला सांगत होता आणि मागचे हॉर्न मारत होते, सिग्नल कधी सुटला कळलंच नाही. (सासूबाई फॉरवर्ड सोडून काही वाचत नाहीत, तेव्हा कृपया हे कुणी फॉरवर्ड करू नका.)

पाचव्या-सहाव्या सेशनमध्ये मग ही दोन लहान पोरं एकमेकांना कशी पेटवतात ते उलगडलं. तो फोन करतो कारण घाबरतो, फोन वाजला की मी आणखी आत जाते कारण कुणी मागे लागलं की मला फक्त पसारा आवरायचा सुचतो, मी आत गेले की तो अजून घाबरतो. मॅडम हे कागदावर गोल काढून दाखवतात. कॅनडात स्यू जॉन्सन वगैरेंनी १९८० च्या दशकात जोडप्यांसाठी जी पद्धत बसवली तीत हेच करतात म्हणे, भांडणाचा विषय सोडून द्यायचा आणि या गोल फिरण्याकडे बघायचं. होमवर्क दिला. कुणीही घराबाहेर जाताना आणि आत आल्यावर दोन मिनिटं. मोबाइल नाही, बॅग नाही, मशीन नाही. जाताना कधी येणार ते सांगायचं, आल्यावर समोर उभं राहायचं. मी पोचल्यावर एक मेसेज. त्याने एकच फोन, सतरा नाही, आणि पुढचा तासाभराने. ऐकायला पोरकट आहे, पहिले आठ दिवस मला लाज वाटली, दारात आपण काय हिंदी सिरीयलमधले का असं झालं, आणि एकदा तर दोन मिनिटं उभं राहून आम्ही फक्त गॅस सिलेंडरबद्दल बोललो. पण त्याचे फोन तिसऱ्या आठवड्यात खरंच कमी झाले. माझं मशीनला कपडे लावणं अजून चालू आहे, आता दोन मिनिटांनी लावते.

आता मोठी तक्रार. सहाव्या सेशनला मॅडम म्हणाल्या, आईशी या विषयावर मोकळं बोलून बघा. आणि मी बोलले. रविवारी दुपारी, तिच्या घरी, जेवणं झाल्यावर, काहीही तयारी न करता. ती ऐकून घेत होती आणि मग म्हणाली, “म्हणजे चार वर्षं दर शनिवारी उभ्याने गाडीतून आले ते काहीच नाही का?” नंतर उठून भांडी घासायला लागली, बाई येते तरी. घासता घासता एक गोष्ट बोलली. रविवारी निघताना ती मला झोपवून निघायची, जागी असले तर रडेन म्हणून, आजीनेच तसं सांगितलेलं. म्हणजे मी झोपले की ताई गायब. दर आठवड्याला. ती म्हणाली, “तू उठून रडायचीस का ते मी कधी विचारलं नाही, मला ऐकायचं नव्हतं.” आम्ही दोघी मग दहा दिवस नीट बोललो नाही.

सातव्या सेशनला मी मॅडमवर चिडले, आयुष्यात पहिल्यांदा पैसे देऊन कुणावर तरी आवाज चढवला असेल. आणि त्यांना क्रेडिट द्यायला पाहिजे, त्यांनी थेरी सांगितली नाही, सरळ म्हणाल्या माझी घाई झाली, आधी तुम्हाला तयार करायला हवं होतं. मग सांगितलं की अमेरिकेतला ट्रॉनिक नावाचा संशोधक, त्याने आई-बाळांचे व्हिडिओ बारीक बघितले तेव्हा चांगल्या जोड्यांचे पण सूर साधारण ३० टक्केच वेळ जुळलेले दिसले, बाकी वेळ चुकत, परत जमवत. नातं टिकतं ते त्या परत जमवण्यावर. पटलं. तरी हा सल्ला महागात पडला हे लिहायलाच हवं. जाणार असाल तर आईबापांशी बोलायची घाई करू नका, त्यांनी सांगितलं तरी. (झोपवून जायच्या गोष्टीवरून मॅडमनी माझी दुपारी झोप न लागण्याची सवय पण जोडली, ते मला जरा ओढूनताणून वाटलं. दुपारी आमच्या इमारतीत कुणालाच झोप लागत नाही, समोर बांधकाम चालू आहे.)

शेवटच्या सेशनला मी सरळ विचारलं, मग काय, सगळं साडेचार वर्षांतच ठरलं का माझं? तर नाही. मिनेसोटात १९७० च्या दशकात गरीब घरातल्या पहिलटकरणींपासून सुरू केलेला एक अभ्यास आहे, ती मुलं तिशीपार होईपर्यंत बघितलीत. त्यात तान्हेपणाचं नातं थेट लग्नापर्यंत तार जोडल्यासारखं जात नाही. बाळपणी आधार मिळाला की शाळेत मित्र जमवणं सोपं जातं, तिथे जमलं की सोळाव्या वर्षी एखादा जिवाभावाचा मित्र होतो, आणि तिथून विशीतलं प्रेम. मधे कुठेही सांधा बदलू शकतो, चांगला किंवा वाईट. एक वर्षाच्या बाळाकडे बघून तिशीतला संसार सांगता येत नाही, संबंध आहे पण बेताचाच. मॅडम हे प्रामाणिकपणे सांगतात, रीलवाले सांगत नाहीत, त्यांना सात लक्षणं विकायची असतात.

मधल्या काळात मी एकटीच निफाडला गेले, पॅसेंजर आता सोयीची नाही म्हणून गाडीने, पिंपळसच्या पुढे कांद्याचे ट्रॅक्टर लागले तासभर. आजी आता ८६ ची, ऐकू कमी येतं. विचारलं, मला नेलं तेव्हा मी रडले का गं? तर म्हणाली, “कुठं रडलीस! पेरू मागत व्हतीस.” मी हसले. मग बराच वेळ शेंगा सोलत होती आणि म्हणाली, “मी दारात आलेच नाय. चुलीपाशी बसून राह्यले. बघवलं नसतं.” आईलाही ही गोष्ट माहीत नव्हती, संध्याकाळी फोन करून तिला सांगितली, दहा दिवसांनंतरचं आमचं पहिलं धड बोलणं ते. ती म्हणाली, मला वाटायचं ती रागावली होती माझ्यावर.

बरं, कामाचं. सहा दोघांची, दोन एकेकट्याची, एकूण १२,८००. जीपे चालतं, कार्ड नाही, पावती मागितली तर मिळते. वेळेवर सुरू होतं आणि वेळेवर संपतं म्हणजे अगदी वाक्याच्या मधे संपतं. व्हॉट्सॲपला उत्तर दोन दिवसांनी. पार्किंगचं नाव काढू नका, आम्ही पाथर्डी फाट्याहून शनिवारी पाचला निघून चाळीस मिनिटं रस्त्यात आणि पंधरा पार्किंगला घालवायचो, टू-व्हीलरने जा. ‘पॅटर्न’ हा शब्द त्या एका तासात वीस वेळा वापरतात. हँडआउटचं मराठी भयानक आहे, कुणीतरी मशीनमधून काढलंय. घरात मारहाण असेल किंवा कुणाला खरंच डिप्रेशन असेल तर हे तुमच्यासाठी नाही, मॅडम स्वतःच पहिल्या फोनवर विचारतात आणि सायकिॲट्रिस्टकडे पाठवतात, हा मोठा प्लस.

चार स्टार. एक कापला तो आईच्या प्रकरणासाठी, ड्रिलचा अर्धा मी माफ केला. सकाळचा स्लॉट मागा, डेंटिस्ट अकराला येतो. पुढच्या महिन्यात मला परत पुण्याला जायचंय, तीन दिवस, आणि या वेळी पोरगा जागा असताना निघायचंय, सासूबाई म्हणतायत कशाला, झोपला की जा. बघू.